पुढच्या रविवारचं तळं

आमच्या शेजारचे दातार काका दर रविवारी दुपारी दोन वाजता मागच्या अंगणात बर्फाला भोक पाडतात. आयर्लंडमध्ये! जिथे बारा महिने पाऊस आणि तळं गोठलंच तर दुधावरच्या सायीइतकं, तिथे.

त्यासाठी त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारं एक गिरमिट आहे. ऑगर म्हणतात त्याला. कॅनडात लोक गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, ऑगरने भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून मासे धरत बसतात. वर इंजिन, दोन बाजूंना मुठी, खाली माझ्या कमरेपर्यंत येणारा स्क्रू आणि त्याच्या टोकाला दोन धारदार पाती. काका स्वतः पक्के शाकाहारी. मासा त्यांनी फक्त काचेपलीकडे पाहिलाय.

आता बर्फ कुठून आणायचा? तर त्यांच्या शेडमध्ये एक मोठा फ्रीझर आहे. त्यात ना मटार, ना आइस्क्रीम. फक्त पाण्याने भरलेला एक टब. त्याला काका ‘पुढच्या रविवारचं तळं’ म्हणतात.

मी जात्याच भित्री. फटाका दुसऱ्याने लावला तरी कान मी झाकते. काकू गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात हे यंत्र आलं आणि पहिल्यांदा जेव्हा ते कुंपणापलीकडे किंचाळलं, तेव्हा मी पोलिसांना फोन करायला निघाले होते. पलीकडच्या पॅट्रिशियाने कुंपणावरून डोकावून निर्वाळा दिला, “युअर मॅन इज ग्रँड!” इथे ‘युअर मॅन’ म्हणजे आपला नवरा नव्हे, तर ‘तो बाबा’, आणि ‘ग्रँड’ म्हणजे ठीकठाक, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आधी घरात जाऊन नवरा धडधाकट असल्याची खात्री करून आले.

टब एकट्याने उचलवत नाही, म्हणून पुढे काकांनी मलाच कामाला जुंपलं. टब लाकडी चौकटीत बसवायचा आणि मी चौकटीवर दोन्ही पाय रोवून उभं राहायचं, म्हणजे तो फिरत नाही. समोर काका, मधे ती पाती. “घट्ट उभी राहा. पातं अडकलं की मूठ गरकन फिरते आणि मनगट घेऊन जाते,” हे ते ‘चहात साखर किती’ अशा आवाजात सांगतात. मग दोरी ओढतात. तीन झटक्यांत इंजिन पेटतं, बर्फाचा कीस माझ्या चपलांवर उडतो आणि मी डोळे मिटून रामरक्षा म्हणते. ती नेहमी अर्ध्यावरच राहते, कारण तळं आठ इंचांचंच असतं.

यंत्राची बडदास्त मात्र जावयासारखी. पेट्रोलमध्ये तेल चाळीसाला एक, औषध मोजावं तसं मोजून. काम झालं की टाकी रिकामी, कारण शिळ्या पेट्रोलचा कार्बुरेटरमध्ये गोंद होतो. प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही. पॅट्रिशियाच्या भावाने एकदा कुंपणाचे खांब रोवायला ऑगर मागितलं, तर काका दारात आडवे उभे राहिले. “मातीत? ही पाती मातीत?” तो बिचारा सॉरी म्हणत गेला.

आणि त्यांचा तो प्रश्न! “किती इंच?” चार इंचांखालच्या बर्फावर पाय ठेवायचा नाही, हा ऑगरवाल्यांचा नियम. काकांनी तो अख्ख्या जगाला लावला. मला एका नव्या कंपनीची ऑफर आली तेव्हा पगार न विचारता म्हणाले, “कंपनी किती इंच आहे?” मी हसले आणि गेले. सहा महिन्यांत कंपनी बुडाली. तेव्हापासून मी हसत नाही. एका जानेवारीत गावातल्या तळ्यावर पापुद्रा धरला, तर काका सकाळभर काठावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आणि बदकांनाही बजावत होते, “नॉट फोर इंचेस! नॉट फोर!”

हा सगळा खटाटोप मुलासाठी. त्यांचा ओंकार कॅनडात विनिपेगला असतो. दर रविवारी इथले तीन वाजले की त्याचा फोन येतो, तोही घरातल्या जुन्या फोनवर. काकूंनंतर काकांनी मोबाईल चार्जच केलेला नाही. ओंकारचंही ऑगर आहे, याच मॉडेलचं, आणि ते दर आठवड्याला बिघडतं. काका आपलं उघडून, बघून, चालवून त्याला उपाय सांगतात. “चोक बंद कर. प्लग पूस. किती इंच आहे? सात? जा मग.” फोन बंद. बापलेकांचं बोलणं एवढंच.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी तीन वाजले आणि फोन आला नाही.

सव्वातीन झाले. काका फोनसमोरच्या खुर्चीत बसले होते, हाताला तेल तसंच. मी म्हटलं, “काका, तुम्हीच लावून बघा ना.”

“हात लावू नकोस! तेवढ्यात त्याचा यायचा.”

साडेतीन. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. मग एकदम म्हणाले, “मागच्या खेपेला त्याने पाच इंच सांगितले होते. मधे दोन दिवस ऊन पडलं होतं, तेही सांगितलं होतं. ‘जाऊ का’ म्हणाला. मी ‘जा’ म्हटलं.”

“काका, असं काही—”

“मी जन्मात कधी बर्फावर उभा राहिलेलो नाही गं. पुस्तकात चार लिहिलंय म्हणून चार म्हणतो. मी ‘जा’ म्हटलं.”

काहीतरी करायला हवं म्हणून मोबाईल आणायला घरी पळाले. तो चार्जिंगला होता आणि त्यावर कॅनडाचे सात मिस्ड कॉल. कॅनडातून इतके फोन कोण करणार? पोलीस? हॉस्पिटल? मी तो उचलायलाही धजेना, तोच आठवा आला.

“ताई, बाबा बरे आहेत ना?” ओंकारच होता, पार रडकुंडीला आलेला. “पाऊण तास एंगेज लागतोय. ते मशीन त्यांच्या हातात... मला नको नको ते वाटायला लागलंय.”

“अरे गाढवा!” मी जवळजवळ ओरडलेच. “इथे तू बर्फात बुडालास म्हणून ते अर्धे झालेत!”

तो म्हणाला, “कसला बर्फ, ताई? ऑगर मी दोन वर्षांपूर्वीच विकलं.”

मी पायरीवर बसले.

“आई असताना बाबांनी फोन उचलला की एकच वाक्य असायचं. ‘थांब, आईला देतो.’ ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी फोन केला. बाबांनी उचलला आणि सवयीने म्हणाले, ‘थांब, आईला देतो.’”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ते खूप वेळ गप्प होते. मला भीती वाटली, आता हे फोन ठेवतील आणि परत कधी उचलणार नाहीत. समोर ऑगर पडलं होतं. म्हटलं, बाबा, हे सुरूच होत नाहीये. तर म्हणाले, चोक बघितलास? तेव्हापासून मी मॅन्युअलमधला एकेक बिघाड काढतो. आता दोनच पानं उरलीत, ताई. त्यापुढे नुसती वॉरंटी. मग काय बोलू मी त्यांच्याशी?”

मी त्याला दोन मिनिटांनी परत लावायला सांगून काकांकडे धावले. दारातूनच बघितलं, रिसीव्हर बोटभर तिरका बसलेला. तेलकट हाताने कधीतरी त्यांनीच पुसून ठेवला असणार आणि मग भीतीपोटी पाऊण तास आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नव्हता. मी तो नीट बसवला. काका ओरडणार, तोच फोन वाजला.

“किती इंच?” काका ओरडले. मग ऐकत राहिले. खांदे हळूहळू खाली आले. “सहा? सहा असू दे, नाहीतर सोळा. आज जायचं नाही. घरी बसायचं. आणि प्लगची टोपी... बरं. बरं.”

आता ते फोन ठेवणार, हे मला ठाऊक होतं. दोनच पानं उरलीत, हेही आता ठाऊक होतं आणि मला काकांना ते सांगायचं नव्हतं. काकांनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर नेला. मग परत आणला.

“थांब,” ते म्हणाले.

आता ‘आईला देतो’ म्हणतात की काय!

“थांब... काही खाल्लंस का?”

हा काकूंचा प्रश्न. काकूंचा फोन त्यानेच सुरू व्हायचा. पलीकडे ओंकार काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता.

“पोहे? तू केलेस? भिजवलेस की नुसते धुतलेस?... अरे, जाड पोहे असतील तर थोडे भिजवावे लागतात, तुझी आई...” काका थांबले. तेलकट मनगटाने डोळे पुसले, खुर्ची फोनजवळ ओढली आणि बसले. “तुझी आई कशी करायची, सांगू?”

मी मागच्या अंगणात जाऊन टब पाण्याने भरला आणि खुशाल रडून घेतलं.