कोजागरीचं दूध आणि दोरखंडाची फिल्म

कॅल्गरीतल्या मराठी मंडळाची कोजागरी त्या वर्षी दुपारी दोन वाजता होती, कारण संध्याकाळी हॉल दुसऱ्या कुणीतरी बुक केला होता. चंद्र नाही तर निदान नंदकुमारांचा प्रोजेक्टर तरी पाहू, असं अध्यक्ष छायाताईंनी ठरवून टाकलं. नंदकुमारांना जुन्या फिल्म्स जमवण्याचा नाद. रिटायर झाल्यापासून त्यांचा मुक्काम बेसमेंटमध्ये रिळांच्या डब्यांतच असायचा, पण आजवर त्या रिळांना एकही प्रेक्षक मिळाला नव्हता. आज साठ माणसं येणार होती. नंदकुमार सकाळपासून एका जागी टेकले नव्हते.

बाराच्या सुमाराला हॉलच्या किचनमधून प्रभाताईंनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, दूध कमी पडतंय. चार लिटर घेऊन या. आणि ती लेन्स पुसणं आता पुरे."

नंदकुमार धावतच समोरच्या ग्रोसरीत गेले. चष्मा प्रोजेक्टरवरच राहिला होता. त्यांनी शेल्फवरचे चार कार्टन उचलले, परत आले, आणि प्रभाताई फोनवर वड्यांचा हिशेब लावतायत हे पाहून स्वतःच ते पातेल्यात रिकामे केले. वर केशर, वेलची, चारोळी पडली. लोकांनी दोन-दोन पेले घेतले. दुधाला या वेळी जरा वेगळी चव आहे, असंही तीन-चार जणांनी कौतुकाने सांगितलं.

फिल्म सुरू झाली. रेड डियर गावाजवळच्या एका शेतावरच्या लिलावात नंदकुमारांना ती मिळाली होती. सुरुवातीचा गव्हाचा भाग पाहून त्यांनी ती बंद केली होती; पुढचं सगळ्यांबरोबर पाहायचं म्हणून. गहू डोलला, घोडे चालले. मग हॅटवाला एक शेतकरी आपल्या दुप्पट उंचीच्या रोपांत शिरला आणि कॅमेरा एका पानाजवळ गेला. सात बोटांचं पान.

हॉलमध्ये कुजबुज उठली. कॅनडात गांजावरची बंदी उठून दहाच दिवस झाले होते, आणि त्या दहा दिवसांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दुसरं कुठलं पान आलंच नव्हतं.

"नंदकुमार, हे काय लावलंत?" छायाताईंनी विचारलं.

"गहू," नंदकुमार क्षीण आवाजात म्हणाले.

पडद्यावरचा आवाज मात्र खणखणीत होता. देशाला दोरखंड हवेत, शेतकऱ्यांनो, हेम्प पिकवा. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड. छायाताईंची अकरा वर्षांची नात गौरांगी मन लावून ऐकत होती. "सो इट वॉज गुड, देन बॅड, अँड नाऊ गुड अगेन?" तिने विचारलं. मग ती पेला टाकायला किचनमध्ये गेली आणि कचऱ्यातला रिकामा कार्टन घेऊन परत आली.

"आज्जी, सेम लीफ."

कार्टनवर त्या पानाखाली हेम्प मिल्क असं ठळक लिहिलं होतं. नंदकुमारांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

ब्याऐंशी वर्षांचे दादासाहेब पूर्वी हृदयाचे डॉक्टर होते. त्यांनी स्वतःची नाडी धरली. "एकशे दहा," ते म्हणाले. डॉक्टरच असं म्हणाल्यावर सगळ्यांनाच काहीतरी व्हायला लागलं. कुणाची जीभ कोरडी पडली, कुणाला छत सरकताना दिसलं. या अवस्थेत गाडी चालवायची नाही म्हणून छायाताईंनी सगळ्यांच्या किल्ल्या वड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये गोळा केल्या. "आणि कुणी नाइन वन वन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची नाही," त्या म्हणाल्या. "परत हा हॉल आपल्याला मिळायचा नाही."

दहा मिनिटं सगळे भिंतीला टेकून बसले. मग दादासाहेब उभे राहिले. "छाया, आता माझा माझ्यावर ताबा नाही, म्हणून सांगतो. दर गणपतीला तू गायला लागलीस की मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसतो."

"ठाऊक आहे मला," छायाताई म्हणाल्या. "तुम्ही गेल्याशिवाय मी सुरूच करत नाही."

त्यानंतर कुणाला धरबंध राहिला नाही. कुणी कुणाच्या पुरणपोळीबद्दल बोललं, कुणी कुणाच्या जावयाबद्दल. प्रभाताई नंदकुमारांकडे वळल्या. "मलाही सांगायचंय. या रिळांचा मला वीट आलाय. बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

नंदकुमार प्रोजेक्टरचं झाकण उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. "मग मीही सांगतो," ते म्हणाले. "त्यातली अर्धी मी पाहिलेली नाहीत. नुसता जाऊन बसतो. रिटायर झाल्यापासून दिवसाचं काय करायचं ते कळत नाही."

"मग वर यायचं ना."

"वर तू फोनवर असतेस."

प्रभाताईंनी झाकणावरचा नंदकुमारांचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात फार्मसीतली शिफ्ट संपवून दादासाहेबांची सून निधी आली. किल्ल्यांचा ट्रे आणि भिंतीला टेकून बसलेले लोक पाहून ती घाबरली. छायाताईंनी तिच्या हातात कार्टन दिला. तिने तो वाचला आणि तिला हसू आवरेना.

"अहो, हे बियांचं दूध आहे. याने काहीच चढत नाही. बादलीभर प्यायलात तरी नाही."

कुणी छताकडे पाहत होतं, कुणी बुटांकडे. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि आता ते दुधावर ढकलायची सोय उरली नव्हती. नंदकुमारांना वाटलं, प्रभा हात सोडेल.

दादासाहेबांनी शांतपणे पुन्हा नाडी धरली. "ही आजकालची मुलं," ते म्हणाले. "मला तर अजून गरगरतंय."

"मलाही," छायाताई लगेच म्हणाल्या.

"मलाही," प्रभाताई म्हणाल्या. हात त्यांनी सोडला नव्हता.

निधी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. दादासाहेबांनी आपला पेला पुढे सरकवला. "प्रभा, पातेल्यात थोडं उरलंय का बघ. माझे व्याही मागच्या रांगेत बसलेत, त्यांच्याशी मला जरा बोलायचंय."

मागच्या रांगेतून व्याह्यांनीही आपला पेला पुढे केला.