राणी माशीच्या खुनाचा छडा

आपल्याला जे आवडतं ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणं ही मानवजातीची सर्वांत जुनी समाजसेवा आहे. ती घरच्यांनी केली की तिला प्रेम म्हणतात आणि नगरपालिकेने केली की योजना. कास्तेलमोरो नगरपालिकेने गेल्या वसंतात ‘वाचकाकडून खेळाडूकडे’ ही योजना आणली. ज्याला ज्या जातीची पुस्तकं आवडतात त्याला त्याच जातीचा व्हिडिओ गेम सुचवायचा, म्हणजे तरुण वाचत नाहीत या तक्रारीवर म्हाताऱ्यांचंही वाचन थांबवून समतोल साधला जाईल. (शेवटचा भाग परिपत्रकात या शब्दांत नव्हता.)

योजनेचा पहिला मान पिवळ्या मंडळाला मिळाला. इटलीत रहस्यकथेला ‘पिवळं’ म्हणतात, कारण पूर्वी एका प्रकाशकाने तिला पिवळं मुखपृष्ठ घातलं आणि लोकांना वेगळं नाव शोधायचा कंटाळा आला. (मराठी वाचकांनी भलतं मनात आणू नये. इथल्या पिवळ्या पुस्तकांत फक्त खून असतात, त्यामुळे ती पाहुण्यांसमोर खुशाल टेबलावर ठेवता येतात.)

मंडळ दर गुरुवारी वाचनालयात भरे. चर्चा फारशी होत नसे. पुस्तक संपलं की प्रत्येकाने उभं राहून आपल्याला खुनी कोणत्या पानावर कळला ते जाहीर करायचं आणि ज्याचं पान सर्वांत आधीचं तो अध्यक्ष, असा नियम होता. पुरावा मागणं असभ्य समजलं जाई. एव्हारिस्तो मालागुत्ती हे निवृत्त भूमापक वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. इथे माणूस निवृत्त झाला तरी हुद्दा त्याला सोडत नाही, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेबच म्हणत. मोजणीसाहेबांना खुनी साधारण अर्पणपत्रिकेपाशी कळे.

वास्तविक त्यांना आयुष्यात एकदाही खुनी कळला नव्हता. शेवटच्या पानावर ते दर वेळी दचकत आणि घरी एकटेच असल्यामुळे ‘अरे बापरे’ असं मोठ्याने म्हणत. पण आपण आत आलो की लोक उठून उभे राहतात अशी गावात ती एकच खोली उरली होती. ती गेली तर आपण गुरुवारी जायचं कुठे?

सरकारी गेम येईपर्यंत ग्रंथपाल फियोरेंझा तालियाविनी हिने स्वतःच्या घरचा एक त्यांना सुचवला. बंद हवेली, मेलेला उमराव, बरीचशी कुलूपबंद दारं.

“मोजणीसाहेब, तुम्हाला काय, हा तर पोरखेळ. चहा थंड व्हायच्या आत उडवाल,” ती म्हणाली.

मोजणीसाहेब पहिल्याच दारात अडकले. पुस्तक हे मुळात सज्जन असतं. वाचक कितीही मठ्ठ असला तरी त्याचं पान उलटतं, खुनी आपल्या पायाने त्याच्यापर्यंत चालत येतो आणि सगळं समजावून सांगतो. गेमला ही रीतभात नाही. तो उत्तर आल्याखेरीज दार उघडत नाही. जवळजवळ सगळा जून महिना मोजणीसाहेब उमरावाच्या ओसरीवर छत्र्यांच्या स्टँडसमोर उभे होते.

“काय हो, सापडला का खुनी?” उपाध्यक्षा झेलिंदाबाईंनी भर सभेत विचारलं. या निवृत्त औषधविक्रेत्या. त्यांचा डोळा कित्येक वर्षं अध्यक्षांच्या खुर्चीवर होता. “की अजून छत्र्याच मोजताय?”

“लेखन कच्चं आहे, बाई. मी सोडून दिला तो गेम.”

“तुम्ही दार सोडलंत की दाराने तुम्हाला?”

सगळे हसले. मोजणीसाहेबही हसले, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

इकडे फियोरेंझाने नगरपालिकेच्या खरेदी विभागाकडे ‘पिवळे गेम, नग सहा’ अशी मागणी नोंदवली. विभागाने ती परत पाठवली (पिवळ्याची छटा नमूद नव्हती). मग छटा ठरवायला समिती नेमली, निविदा निघाली आणि ऑगस्टच्या तोंडावर रंगपट्टीशी ताडून पाहिलेली सहा खोकी वाचनालयात दाखल झाली. एक मधमाश्या पाळण्याचा गेम होता, एक टॅक्सीचा, एक सूर्यफुलांच्या शेतीचा, एक बदकांचा आणि एक केळी गोळा करणाऱ्या माकडाचा. सहावं खोकं नारिंगी निघाल्यामुळे ते दंड आकारून स्वीकारण्यात आलं.

ऑगस्टमध्ये साऱ्या देशाप्रमाणे फियोरेंझाही समुद्रावर गेली होती. त्यामुळे खोकी मंडळाने स्वतःच उघडली. प्रत्येकावर ‘पिवळा: तपासून प्रमाणित’ असा नगरपालिकेचा शिक्का होता, म्हणजे आत खून आहे हे निर्विवाद होतं. चिठ्ठी टाकून मधमाश्यांचा गेम निवडला, सगळ्यांनी तो घरोघरी संगणकावर उतरवून घेतला आणि सप्टेंबरच्या सभेत त्यावरूनच अध्यक्ष ठरेल असं जाहीर झालं.

मोजणीसाहेब झपाटल्यासारखे कामाला लागले. पोळी बसवायची, मध काढायचा, बरण्या गावात विकायच्या. गेममध्ये थंडी पडली आणि म्हातारी राणी माशी मेली. मोजणीसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. प्रेत मिळालं होतं! आणि दार एकही नव्हतं.

गिऱ्हाइकं तीनच होती: पाद्री, बेकरीवाली आणि पोस्टमन. यांतला पाद्री रोज एकच वाक्य बोले, “आज हवा छान आहे.” भर पावसातही तो हेच म्हणाला. निरपराध माणूस हवेबद्दल खोटं कशाला बोलेल? मोजणीसाहेबांनी त्याचा मध बंद केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, “आज हवा छान आहे.” इतका निर्ढावलेला गुन्हेगार त्यांच्या वाचनात आला नव्हता. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या डोक्याने खुनी शोधला होता, आणि त्या आनंदात ते स्वयंपाकघरात एकटेच टाळ्या वाजवत फिरले.

सभेला खोली गच्च भरली. झेलिंदाबाईंच्या मते बेकरीवालीनेच माश्यांना पाजायच्या साखरेच्या पाकात विष घातलं होतं.

“अहो, पण ती पावसाला पाऊस म्हणते!” मोजणीसाहेब गरजले.

“म्हणजेच पोहोचलेली आहे. तुमचा पाद्री बिचारा देवमाणूस.”

“देवमाणूस? आणि मधाशिवाय महिनाभर हसत फिरतोय तो?”

नेमकी तेव्हाच फियोरेंझा उन्हाने काळवंडून सुट्टीवरून परतली. दारात उभी राहून तिने थोडा वेळ ऐकलं.

“अहो, यात खूनच नाहीये,” ती म्हणाली. “मधमाश्या पाळायच्या, मध विकायचा, बस्स. माशी म्हातारी झाली म्हणून मेली. रंग बघून खोकी पाठवलीत खरेदीवाल्यांनी.”

मोजणीसाहेबांना आपल्याखालची खुर्ची सरकल्यासारखी वाटली. मग ते सावकाश उठले आणि त्यांनी कोट नीट केला.

“अखेर हे कुणीतरी बोललं. खून झालेलाच नाही, हाच तर या गेमचा छडा! मला तो खोकं उघडतानाच लागला होता. पाद्र्याचं काढलं ते तुमची परीक्षा पाहायला.”

“मला खोकं यायच्या आधीच,” झेलिंदाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज एक क्षण उशिरा निघाला. मागोमाग सगळ्यांनी आपापली वेळ जाहीर केली. फक्त दाताचे डॉक्टर गौदेन्झिओ खाली बघत राहिले.

“मला काहीच कळलं नव्हतं,” ते म्हणाले. “ती माशी गेली तेव्हा मी रडलो हो.”

मंडळाच्या प्रतिष्ठेला बाधा आणल्याबद्दल त्यांचं सदस्यत्व तिथेच रद्द झालं. हात वर करून मतदान झालं. सर्वांत आधी वर गेलेला हात मोजणीसाहेबांचा होता. खोकं यायच्या आधीची वेळ नियमात बसत नाही असं ठरलं आणि ते पुन्हा अध्यक्ष झाले. रहस्यप्रेमींना मधमाश्यांचा गेम सुचवावा, अशी शिफारस नगरपालिकेने शेजारच्या गावांनाही धाडली आहे.

आता वाचक म्हणून तुमचा जीव त्या दाताच्या डॉक्टरात गुंतला असेल आणि आपण तिथे असतो तर आपला हात खाली राहिला असता, असं तुम्ही मनात म्हणत असाल. तुम्ही हेच म्हणणार, हे मला कथा लिहायला घेतली तेव्हाच कळलं होतं.