इनास सरांची पाळी

ज्या संध्याकाळी इनास सरांच्या बढतीचा निकाल लागायचा होता, नेमक्या त्याच संध्याकाळी मी अभिमानाच्या भरात गॅलरीभर दिव्यांच्या माळा सोडल्या, पाहुण्यांसाठी नवाकोरा एसी सुरू केला आणि अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला.

सर इंजिनीअरिंग कॉलेजात वीज शिकवायचे. तिथे शाश्वत ऊर्जेचा नवा विभाग निघणार होता. तो सरांच्या हाती द्यावा की नाही, हे ठरवायला तीन तज्ज्ञ त्यांचा प्रयोग बघायला माणिकपूरला आले होते. प्रयोग म्हणजे आम्ही!

सर मूळ नंदाखालचे, आमच्या शेजारी एकटेच राहायचे. पहिल्या भेटीत माणूस नाव विचारतो. सरांनी माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, वाटण किती वाजता करता?" तिला वाटलं, जेवायलाच येतायत. मग कळलं, की संध्याकाळी पंप, मिक्सर, इस्त्री असं सगळं मिळून सुरू झालं की विजेवर ताण येतो, म्हणून सरांना पाळ्या लावायच्या होत्या. "सगळे एकदम नको!" हे त्यांचं पालुपद. बायका जिन्यात चिडवायच्या, "सर, माझ्या चटणीचा मुहूर्त कधीचा?"

"पंप थांबला की, वहिनी."

लाइट गेली की आम्ही वैतागायचो आणि सर खुलायचे. गेली की घरातली सगळी बटणं बंद करायची, आली की मजल्यामजल्याने लावायची, ही त्यांची शिस्त. "पुढे हे काम तारा आपलं आपण करतील," ते म्हणायचे. "तोवर तुम्हीच माझ्या तारा."

तर, अंधारात एक तज्ज्ञ हसले. "हाच का तुमचा प्रयोग?" मी विझलेली माळ धरून उभा.

वायरमनने फ्यूज बांधला. जिन्यातला दिवा लागला, पण इमारत काळीच. "अजून बिघाड आहे वाटतं," तज्ज्ञ म्हणाले. तेवढ्यात तळमजल्यावर उजेड पडला आणि परेराबाई खिडकीतून ओरडल्या, "आमचं लागलं! पहिला मजला, लावा!"

पहिला लागला. "दुसरा, लावा रे!"

उजेड एकेक मजला चढत थेट गच्चीपर्यंत गेला. हसणाऱ्या तज्ज्ञांनी विचारलं, "हे लोक तुमचं ऐकतात कसे?"

"मी त्यांना रोज विचारतो," सर म्हणाले.

निघताना तज्ज्ञांनी सरांचा हात हातात घेतला. "विभाग सांभाळा, प्रोफेसर." इमारतीने टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली, जणू प्रोफेसर मीच झालो. निम्मं श्रेय माझ्या एसीचं, असं मी चारचौघांत सांगूनही टाकलं.

सगळे पांगले. माळा गुंडाळताना पाहिलं, तर सरांची खिडकी काळीच. दार वाजवलं. नवे विभागप्रमुख रस्त्यावरून येणाऱ्या उजेडात ओट्याशी उभे राहून चहात पाव बुडवत होते.

"सर, लाइट लावा की! तुमची पाळी कधीची?"

ते ओशाळून हसले. "माझी लावलीच नाही हो. एकट्याला कसलं आलंय वाटण?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं लाटणं थांबलं.

"आधी तो एसी बंद करा," ती म्हणाली. "आणि उद्यापासून सरांच्या जेवणाच्या पाळ्या लावू. मजल्यामजल्याने, सगळे एकदम नको. आजची आपली. जा, बोलावून आणा."