सतरा नंबरची बाटली

भीती मोजता येते, असं मी वर्गात ठामपणे सांगते. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि या वर्षी तर ती मोजून दाखवणार होते. बत्तीस विद्यार्थ्यांना फॉर्म दिला: पर्यावरणाच्या कोणत्या धोक्याची किती भीती वाटते? दहापैकी गुण द्या. समुद्राची पातळी वाढण्याला पोरांनी नऊ दिले. समुद्र पाहिलेला वर्गात एकच जण होता. शेतातल्या फवारणीच्या औषधाला दोन.

मग प्रत्येकाला आपापल्या गावचं पिण्याचं पाणी आणायला सांगितलं. एका रकान्यात भीती, दुसऱ्यात पाण्यात खरोखर काय सापडलं ते. कॉलेजचा फ्रीज बंद, म्हणून बत्तीस बाटल्या घरी आणल्या. बाटल्यांवर फक्त आकडे. गावाचं नाव दिसलं की तपासणाऱ्याचं मन झुकतं. हे पाणी प्यायचं नाही, एवढं सासूबाईंना सांगायचं राहिलं.

शनिवारी दुपारी सासूबाईंचे भाऊ चंपतमामा बोथ तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून आले. मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ते रिकामा ग्लास खाली ठेवत होते. शेजारी सतरा नंबरची बाटली, अर्धी.

"आई, हे पाणी कुठलं दिलंत?"

"फ्रीजातलं. एप्रिलच्या उन्हातून आला माणूस, त्याले काय कोमट देऊ?"

"लय थंडगार सूनबाई," मामा म्हणाले. "अजून द्या अर्धा गिलास."

मी फॉर्मांचा गठ्ठा काढला. घाईत सोळानंतर एकदम बावीस निघाला. मग सतरा सापडला. प्रज्वल. खाली शेरा: 'या विहिरीवर फवारणीचे पंप धुतात.'

हे मी मनात वाचायला हवं होतं. मोठ्यानं वाचलं.

"पंप?" मामा म्हणाले. "कापसाचे?"

"मामा, घाम येतोय का?"

"येऊन राह्यला."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"तुमी इचारलं आन आली."

"जीभ जड वाटते?"

मामांनी जीभ बाहेर काढून दाखवली. मी एकेक लक्षण विचारत गेले आणि मामा एकेक हजर करत गेले. नाडी एकशे वीस. माझी मी पाहिली नाही.

"काऊन वं, असं काय ठेवलं होतं त्यात?" सासूबाई भिंत धरून खाली बसल्या.

ऑटोत मामांनी माझा हात घट्ट धरला होता. "म्हैस पोरीले, मथुराले द्या," एवढंच ते अधूनमधून बोलत. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध?" मला माहीत नव्हतं. चौथ्या वेळी प्रज्वलनं फोन उचलला.

"प्रज्वल, तुझ्या विहिरीवर कोणतं औषध धुतात? लवकर सांग. ते पाणी माणसाच्या पोटात गेलंय."

प्रज्वल आवाज खाली आणून बोलला.

"मॅडम, ते विहिरीचं नाही."

"म्हणजे?"

"बस स्टँडवरून सीलबंद बाटली घेतली अन् तुमच्या बाटलीत ओतली. पाण्यात काही निघालं तं विहिरीवर पाटी लावतात, पिऊ नका म्हणून. मंग त्या गावात पोरगी कोण देईल? माह्या दादाची सोयरीक चालू हाय."

"मग फॉर्मवर पंपाचं कशाला लिहिलंस?"

"फॉर्म कोण वाचते, वाटलं."

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी, मॅडम. एकाच दुकानातून."

माझा दुसरा रकाना तिथंच संपला. पण मामा वाचले होते. मी धावत आत गेले.

"मामा, पाणी शुद्ध होतं. विकतचं."

मामा उठून बसले. जीभ हलकी झाली, घाम पुसला गेला. "कोन्या पोरानं केलं हे?"

"प्रज्वल. भिवाजींचा."

"तो तं आमच्याच गावचा." मामा पायानं चपला शोधू लागले. "मंग ते पंप धुण्याची इहीर कोणती? शाळेमागची?"

मी फॉर्मवरचा विहिरीचा पत्ता पाहिला. शाळेमागचीच.

मामा पुन्हा आडवे झाले. "सूनबाई, आमी रोज तिचंच पाणी पेतो."

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाळीस वर्सं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मची घडी घातली.

मामा अजून आमच्याकडेच आहेत. मी स्वतः जाऊन त्या विहिरीचं पाणी आणायचं, तपासायचं, मग त्यांनी गावी परतायचं, असं ठरलंय. आज तिसरा रविवार.

"कवा जाता, सूनबाई?" मामा सकाळी विचारतात.

"ऊन उतरलं की निघते," मी म्हणते.

"हव, घाई नका करू," मामा म्हणतात.