शून्य शून्य चाळीस

आमच्या गल्लीतल्या कांबळेमामांकडनं चहाचं बोलावणं आलं, की ते "सतरा शून्य शून्यला या" असंच येतं. पाच वाजता म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, चहा प्यायचाय, गाडी धरायची न्हाय." तर म्हणाले, "ताई, पाच दिवसातनं दोनदा वाजत्यात. घड्याळाला दिवसरात कळत न्हाय, मानसाला कळाय नको?" आता पहाटे पाचला यांच्या दारात चहाला कोण मेलं जाणार आहे?

मामांचा जन्म एसटीत गेला, कंट्रोलरच्या खिडकीत. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण खिडकी काही सुटली नाही. गल्लीत कुणी प्रवासाला निघालं, की मामा फाटकात उभे. "तिकीट दावा बघू." माझ्या नणंदेला बघायला पुण्याहून पाहुणे आले, तर पोहे यायच्या आधी मामा त्यांना म्हणतात, "पावणं, परतीचं तिकीट दावा." पाहुण्यांना वाटलं, आम्ही त्यांना घालवायलाच बसलोय. तरी लग्न जमलं, नशीब आमचं.

आमची लेक अश्विनी नर्सिंग शिकली आणि तिला जर्मनीत नोकरी लागली. विमान शुक्रवारचं, तिकिटावर वेळ ००:४०. आम्ही शुक्रवारी सकाळी मुंबईला निघणार होतो. गुरुवारी सकाळी मी तिच्यासाठी चकल्या तळत होते, तेवढ्यात मामा हजर. म्हटलं, घ्या, हेच राहिलं होतं. दिलं तिकीट हातात. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "ताई, ग्यास बंद करा. पोरगी आज निघाय पायजे."

"आज गुरुवार हाय, मामा."

"शुक्रवार आज रात्री बाराला लागतोय. शून्य शून्य चाळीस म्हंजे आजचं जेवण झाल्यावरचं. उद्या गेलासा तर विमान कवाच गेलेलं असतंय."

झारा हातात तसाच राहिला. आपला शुक्रवार उठून तोंड धुतल्यावर सुरू होतो. हे कुणाच्या डोक्यात येणार? कशीबशी बॅग भरली आणि आमचे हे तिला गाडीनं घेऊन निघाले. मामा फाटकात उभे होते. मनगटावरचं घड्याळ बघून "दहा पन्नास," म्हणाले. त्यांचं ते बोलणं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मामा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. तिकिटावर उतरायची वेळ सहा दहा होती. सात वाजले तरी अश्विनीचा फोन नाही. मी उंबऱ्यातनं आतबाहेर करायला लागले.

"ते तिथलं सहा दहा हाय, ताई. ती लोकं आपल्या साडेतीन तास मागं हायत. आपलं नऊ चाळीस. बसा."

मला बसवलं, पण स्वतः दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आला का फोन?"

"मामा, सगळं तुम्हालाच ठावं हाय, मग तुम्ही का घाबरताय?"

ते म्हणाले, "नवी नोकरी व्हती माझी. चंदगडकडचा एक म्हातारा शून्य शून्य पंधराची गाडी धराय आला. एक दिस उशिरा. लेक दवाखान्यात व्हती त्याची, मुंबईला. मी म्हणलं, आजोबा, ती काल गेली की. समदी हसली. मीबी हसलो."

"मग?"

"पहाटंच्या गाडीत बसवून दिला."

"लेक भेटली का त्यांना?"

"ते कुठं कळलं, ताई."

इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसत आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाला पाचेक मिनिटं कमी असताना फोन वाजला. "आई, पोचले गं." मी फोन तसाच मामांच्या हातात दिला.

"पोचलीस न्हवं?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, "पोचलीस न्हवं?"

तिकडनं अश्विनीनं विचारलं, "मामा, तिथं किती वाजले?"

मनगटावर घड्याळ होतं. मामांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"वाजलं असतील धा," म्हणाले.