शुक्रवारी चार वाजता एसी बंद

दोह्यात जून महिन्यात भर दुपारी एसी बंद करून खिडकी उघडणारा एकच माणूस मी पाहिला. आमचा शेजारी आर्ने, नॉर्वेचा. दर शुक्रवारी बरोबर चारला त्याच्या एसीची घरघर थांबायची, काच सरकायची आणि हा लालबुंद होऊन आत बसून राहायचा.

"माझे विद्यार्थी मोजतोय मेला," मी बायकोला सांगायचो.

मोजायला उरलं होतं काय म्हणा! मी मूळचा मिरजेचा, इथे एका कंपनीत स्टोअरकीपर. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा चारला मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून सहा मराठी पोरांना शिकवायचो. मग हा इंग्रजी शाळेत संगीत शिकवायला आला. तिकडे वाद्यवृंदात अठरा वर्षं वाजवलं होतं म्हणे. तेही शेवटच्या रांगेत! पण पडला गोरा. माझी पोरं एकेक करून त्याच्याकडे गेली.

तसा विक्षिप्तच. एसीत व्हायोलिनला तहान लागते म्हणून त्याच्या पेटीत ओला स्पंज ठेवायचा. पोर कितीही बेसूर वाजवो, डोळे मिटून म्हणायचा, "यल्ला, अगेन, प्लीज." यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला'. मी कान पिळायचो. पोरं कुणाकडे जाणार, सांगा!

शेवटी माझी नंदाच म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टु लर्न फ्रॉम हिम." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शुक्रवारी व्हायोलिनला हात लावला नाही. निदान माझी पोरगी तरी सोड, असं बजावायला सव्वाचारला त्याच्याकडे गेलो.

दार उघडंच होतं. आर्ने बनियनवर, घामाने निथळत जमिनीवर बसला होता. लांब तंगड्यांची मांडी काही जमत नव्हती. व्हायोलिनचं टोक मात्र घोट्यावर होतं. अगदी माझ्यासारखं.

मला बघून तो ओशाळला. इंग्रजीत म्हणाला, "आज वाजवलं नाहीत? बरं नाही का? एसी चालू असला की तुमचं ऐकू येत नाही, म्हणून बंद करतो." मग खाली बघत म्हणाला, "शुक्रवारी माझ्याकडे कुणी येत नाही. तेवढंच ऐकतो."

माझी मलाच लाज वाटली. खाली बसून मी त्याची मांडी नीट घालून दिली. "नंदा उद्यापासून येईल," मी म्हणालो. "पण शुक्रवारी चारला तुम्ही माझ्याकडे यायचं."

त्याने गज ओढला. भयंकर बेसूर. माझा हात सवयीने त्याच्या कानाकडे निघाला होता, तो मी मागे घेतला.

"अगेन, प्लीज," मी म्हणालो.