मोटारीतील करकरीची चौकशी

दिनांक ३ मार्च १९३७ रोजी निपाणीहून बेळगावला जात असताना, तवंदी घाटाच्या दुसऱ्या वळणावर, मोटारीत 'कर्र' असा आवाज आला. तो मी स्वतः ऐकला. मी निपाणीच्या तंबाखू व्यापारी हितवर्धक मंडळीचा अध्यक्ष आणि मोटार मंडळीची, त्यामुळे तो नुसता आवाज न राहता तत्क्षणी अधिकृत घटना झाली.

"भरमू, कसला आवाज रं ह्यो?" मी विचारले.

भरमू आमचा ड्रायव्हर. मूळचा हिंडलग्याचा, आधी टांगा हाकायचा. अनवाणी पायाला गाडी चांगली कळते असे त्याचे मत असल्याने मोटारही तो अनवाणीच चालवी.

"गाडीचा न्हाय वाटत, साहेब," तो म्हणाला.

"गाडीचा न्हाय, मग काय माझा?"

यावर भरमूने मान पुन्हा रस्त्याकडे वळवली. मला त्या मान वळवण्यात अपराध दिसला. पुढच्या वळणावर आवाज पुन्हा आला. रस्त्यात म्हैस आडवी आली तेव्हा तर सलग तीनदा आला.

बेळगावच्या कचेऱ्यांत आम्ही व्यापाऱ्यांनी इतकी वर्षे बाकांवर बसून काढली होती, की स्वतःची संस्था निघाल्यावर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने काम करायचे हे आम्हाला सुचलेच नाही. साधी खिडकी लावायची तरी आमच्याकडे आधी अर्ज येई, मग शेरा, मग ठराव, आणि तोवर पाऊस येऊन गेलेला असे. तेव्हा आवाजाची बातमी कळताच चिटणीस गुंडोपंतांनी नवी फाइल उघडली आणि पाच सभासदांची चौकशी समिती नेमली गेली. तिचा अध्यक्षही मीच, कारण आवाजाची सर्वांत जास्त माहिती मला होती.

समितीने अनगोळहून रवळू मेस्त्रीला बोलावले. त्याने दोन दिवस गाडी उघडीनागडी करून ठेवली. गाद्या काढल्या, दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिले, खालच्या स्प्रिंगांचे पाटे घासले. मग आधी भरमू आणि नंतर तो, असे दोघे एकेकटे बसून तवंदी घाट चढून-उतरून आले.

"काय सुदीक वाजत न्हाय, अण्णा," रवळू मला म्हणाला. "घड्याळागत चालतीया."

मग भरमू चालवायला, रवळू त्याच्या शेजारी आणि मागे मी, असे बसलो. पहिल्याच वळणावर कर्र! रवळूने मागे वळून माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले, मग मान खाजवली. "मोठं माणूस बसलं की वाजती," एवढेच लिहून घ्यायला सांगून तो त्याच संध्याकाळी अनगोळला निघून गेला. जाताना भरमूशी मात्र तो बराच वेळ कुजबुजत होता आणि दोघे हसत होते. याची नोंद गुंडोपंतांनी घेतली.

तिसरी चाचणी सर्व समितीने एकत्र बसून केली. घाटात आवाज पाचपट झाला. उतारावर तर एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. यावरून समितीने निष्कर्ष काढला तो असा: गाडीत ड्रायव्हर एकटा असता आवाज येत नाही, मेस्त्री एकटा असता येत नाही, केवळ पदाधिकारी बसले असता येतो, आणि पदाधिकाऱ्यांच्या संख्येनुसार वाढतो. निर्जीव वस्तूला पदाधिकारी ओळखता येत नाहीत. सबब हा आवाज कोणीतरी मुद्दाम काढत आहे. गाडीत पदाधिकारी सोडले तर भरमूच उरत होता.

मला तो निष्कर्ष पटला. आजही तर्क म्हणून त्यात खोट सापडत नाही.

भरमूला लेखी ताकीद मिळाली: आठ दिवसांत आवाज बंद करावा, न केल्यास कामावरून कमी करण्यात येईल. त्याने नुकतीच निपाणीत खोली घेतली होती आणि बायकोला, सोनाबाईला, हिंडलग्याहून आणले होते. ताकिदीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन तो माझ्याकडे आला.

"साहेब, एकडाव तुम्ही नि म्या, दोघंच घाटात जाऊ."

आम्ही गेलो. दुसऱ्या वळणाअलीकडे त्याने गाडी थांबवली आणि उतरून माझ्या दाराशी उभा राहिला.

"रागावणार नसला तर सांगतो."

"सांग."

"वळान आलं की तुम्ही पाय रोवताय, साहेब. म्हस आली की रोवताय. मोटारीची भ्या वाटती तुम्हास्नी. आनि पाय रोवला की वहाणा करकरत्यात. वहाणा काढून बसा."

आता आमच्या भागाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे करकरणारी वहाण मुद्दाम सांगून करून घेतात. तळाच्या थरांत वहाण करणारा काहीतरी घालतो, आणि जेवढा आवाज मोठा तेवढा माणूस मोठा. माझ्या वहाणा गल्लीच्या तोंडाशी वाजल्या की घरात अक्काताई, म्हणजे माझी पत्नी, चहाचे आधण ठेवते. चौकशी समितीचे पाचही सभासद गाडीभोवती करकरत फिरून करकर शोधत होते, आणि एकाच्याही कानाला ती लागली नाही. तो आमच्या लेखी आवाजच नव्हता. तो रुबाब होता.

मी वहाणा काढल्या. आम्ही घाट चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. माझे पाय प्रत्येक वळणावर रोवले जात होते, हे आता मलाही कळत होते, पण गाडी गप्प होती. मला इतका आनंद झाला की मी भरमूच्या पाठीवर थाप मारली.

"उद्याच्या सभेत मी सोता सांगतो. तुझ्या केसाला धक्का लागायचा न्हाय."

"लई उपकार झालं, साहेब," भरमू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अहवालाच्या छापील नमुन्यात 'आवाजाचे कारण' असा रकाना होता आणि गुंडोपंत त्यावर टाक धरून बसले होते. मी उभा राहिलो. समोर चार जोड वहाणा, पाचवा माझा. मला दोनच वाक्ये बोलायची होती. मला मोटारीची भीती वाटते, हे एक. आणि आपला रुबाब वंगण नसलेल्या बिजागरीसारखा ऐकू येतो, हे दुसरे.

"आवाज पूर्णपणे बंद झाला आहे," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या.

"कारण काय लिहू, अण्णा?" गुंडोपंतांनी विचारले.

मी वहाणांवरून नजर काढली. "कारणाबद्दल मी न बोललेलंच बरं."

सभा गहिवरली. भरमूने काय केले ते ठाऊक असूनही अध्यक्ष मोठ्या मनाने त्याचे नाव घेत नाहीत, असे एका सभासदाने बोलून दाखवले. ज्याला आवाज बंद करता आला, तो काढतही तोच होता, असे म्हणत दुसऱ्याने अनुमोदन दिले. भरमूला कमी करण्याचा आणि अध्यक्षांच्या संयमाबद्दल आभार मानण्याचा, असे दोन्ही ठराव एकमताने पास झाले. मी हात वर केला नाही. अध्यक्षाने मत द्यायचे नसते, असा आमचा नियम आहे, आणि मी नियमाबाहेर जाणारा माणूस नाही.

त्यानंतर मी मोटारीत वहाणा काढून बसू लागलो. अध्यक्ष काढतात म्हणून इतरही काढू लागले. मोटार वाजेनाशी झाली, आणि दोष भरमूचाच होता हे सर्वांच्या दृष्टीने आपोआप सिद्ध झाले.

महिन्याभराने भरमू दाखला मागायला आला. मी मनापासून लिहिला: कष्टाळू, नेकीचा, सावध. दोन दिवसांनी तो कागद घेऊन परत आला.

"बेळगावात इचारत्यात, साहेब. एवढा चांगला मानूस, तर मग काढला का म्हनून. ह्यात तेवढं खरं लिवून द्या."

"ते मंडळीचं गुपित हाय, भरमू," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी घातली आणि तो गेला. सोनाबाई त्याआधीच हिंडलग्याला परत गेली होती.

हा सगळा वृत्तांत मी इतक्या मोकळेपणाने छापायला देतो आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. भरमूला वाचता येत नाही. समितीतल्या ज्यांना येते, त्यांतल्या प्रत्येकाला हे इतर चौघांबद्दल आहे असे वाटेल. राहता राहिलात तुम्ही. तुम्हाला कारण कळले आहे, भरमू निर्दोष आहे हेही कळले आहे, आणि तुम्ही आता पान उलटणार आहात. म्हणून तर तुम्हाला सांगितले.